इंजिन नवे, आख जुना

मोलेमहून अनमोडकडे चढणारा घाट ज्यांनी भरलेल्या लॉरीत चालकाशेजारी बसून पाहिला आहे, त्यांस त्याची थोरवी सांगावयास नको. १९७६ च्या उन्हाळ्यात आमच्या थोरल्या काकांची लॉरी याच घाटात अडली. खानापूरची कौले गोव्यात उतरवून येताना तिने मीठ भरले होते. एका वळणावर चालकाने पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला, मागे काडकन आवाज झाला, आणि इंजिन धडधडत असतानाच गाडी मागे सरू लागली. पायब्रेक लागला व क्लीनरने चपळाईने चाकामागे ठोकळा घातला, म्हणून पुढील अरिष्ट टळले.

मागच्या एक्सलचा शाफ्ट पिळून तुटला होता. खानापूरहून आलेले मिस्त्री तो तुकडा हातात फिरवीत म्हणाले, "मालक, बैल तगडे आणलेत, पण गाडीचा आख जुनाच ठेवलात."

त्यांचे म्हणणे खरे होते. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांतच जगात कच्च्या तेलाचा भाव सुमारे चौपट झाला. टाटा-मर्सिडीज लॉऱ्या १९५४ पासून डिझेलवरच निघत; परंतु जुन्या फार्गो, डॉज, बेडफर्ड अशा अनेक गाड्या पेट्रोल पीत असत. त्यांच्या सांगाड्यावर डिझेल इंजिन बसविण्याचा उद्योग गॅरेजांतून चाले. मद्रासच्या सिम्पसन कंपनीची पर्किन्स इंजिने त्या काळी सर्वांच्या परिचयाची होती. काकांनीही आदल्या वर्षी इंजिन बदलले, आणि तेवढ्यावर काम झाले असे मानले.

डिझेल इंजिनाचा गुण असा की, ते कमी फेऱ्यांत अधिक पीळ देते. यंत्रशास्त्रात यालाच टॉर्क म्हणतात. समजा, जुन्या इंजिनाचा पीळ २५ किलोग्रॅम-मीटर होता व नव्याचा ३५ आहे. पहिला गिअर तो सातपट करतो आणि मागील क्राउन-पिनियन आणखी सहापट. म्हणजे पूर्वी एक्सलवर १,०५० चा पीळ येई, तो आता १,४७० झाला. दोन बाजूंच्या शाफ्टांत तो निम्मा-निम्मा वाटला जातो; पण क्लच झटक्याने सोडला की क्षणभर याहून कितीतरी अधिक जोर बसतो.

मग रिकामी गाडी चालविताना शाफ्ट का तुटत नाही? कारण चाक घसरते. मागील चाकांवर तीन टन भार, अर्धा मीटर त्रिज्येचा टायर आणि रस्त्याची पकड ०.६ धरली, तर ९०० च्या पुढे पीळ जाताच टायर फिरू लागतो व शाफ्ट वाचतो. तोच भार आठ टन झाला की ही मर्यादा २,४०० वर जाते. टायर हटत नाही, इंजिन थांबत नाही, आणि दोहोंच्या ओढाताणीत मधला पोलादी दांडा बळी पडतो. एक्सल निवडताना इंजिनाची अश्वशक्ती विचारणारे पुष्कळ भेटतात. मागच्या चाकांवर किती भार घालणार, हे विचारणारा मिस्त्री विरळा.

केवळ जाड शाफ्टनेही भागत नाही. जुने इंजिन मिनिटास ३,२०० फेरे घेई व नवे २,४०० वरच थांबते, असे धरले तर सहाच्या प्रमाणावर ताशी ६० किलोमीटर धावणारी गाडी ४५ वर येईल. प्रमाण पाचावर आणले तर वेग ५४ होतो आणि एक्सलवरचा पीळही १,२२५ वर उतरतो. मात्र घाटातली ओढ तेवढी कमी होते. मैदानात वेग हवा की चढणीवर जोर, हा निर्णय मालकाचाच. ईटनच्या दुहेरी वेगाच्या एक्सलात दोन्ही साधतात, पण त्यात भाग अधिक आणि देखभालही अधिक. क्राउन व पिनियन नेहमी जोडीनेच घ्यावेत. एक नवा व एक जुना बसविल्यास दोन्ही दात खातात.

फुल-फ्लोटिंग एक्सलात चाकाचा भार हाउसिंगवर असतो, त्यामुळे शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते. सेमी-फ्लोटिंगमध्ये तोच शाफ्ट भारही वाहतो. तुटला तर चाकच निघून जाण्याची भीती. मालवाहू गाडीला पहिलाच प्रकार हवा. शिवाय ज्या गाडीचा हातब्रेक प्रोपेलर शाफ्टवर असतो, तिचा एक्सल-शाफ्ट तुटताच तो ब्रेकही निरुपयोगी ठरतो. आमच्या गाडीचे तसेच झाले होते.

काकांनी भंगार बाजारातून अवजड लॉरीचा फुल-फ्लोटिंग एक्सल ड्रम-ब्रेकांसकट आणला. कमानपाट्यांच्या बैठकांतील अंतर जुळेना, म्हणून त्या नव्याने बसवाव्या लागल्या. पिनियनचा कोन गिअरबॉक्सशी समांतर येईपर्यंत मिस्त्रींनी दोन दिवस घेतले. काकांना घाई होती. मिस्त्रींना नव्हती, हे आमचे भाग्य. दणकट एक्सल आल्यावर जास्त माल भरण्याचा मोह काकांना झालाच, पण नोंदणीपुस्तकातील भार एक्सल बदलल्याने वाढत नाही. आज तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम असे बदल फारच आवळून धरते. म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयाची पायरी चढलेली बरी.

तुटलेल्या शाफ्टचा लांब तुकडा काकांनी लोहाराकडून टोकदार करून घेतला. शेतावर पहार म्हणून तो पुढे कित्येक वर्षे वापरात होता.