नोकरी सांभाळून गणवेश: प्रादेशिक सेनेतील अधिकारी

प्रादेशिक सेना, म्हणजे बोलीतली ‘टेरिटोरियल आर्मी’ किंवा नुसतीच ‘टीए’, ही भारतीय लष्कराचाच भाग आहे. मात्र तिच्यातला अधिकारी एरवी नागरी आयुष्य जगत असतो. तो वकील असतो, बँकेत किंवा कारखान्यात असतो, कुणाचा स्वतःचा व्यवसाय असतो. वर्षातला ठरावीक काळ तो गणवेश चढवून प्रशिक्षण घेतो आणि सरकारने बोलावले की हातातले काम थांबवून पलटणीत हजर होतो. हुद्दा, शिस्त आणि जबाबदारी या तिन्ही बाबतींत तो अर्धवेळ सैनिक नसतो.

अशा दलाची कल्पना आपल्याकडे ब्रिटिश अमदानीत आली. पहिल्या महायुद्धानंतर, 1920 मध्ये, इंडियन टेरिटोरियल फोर्स उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये प्रादेशिक सेना कायदा झाला आणि 9 ऑक्टोबर 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते सेनेचे औपचारिक उद्घाटन झाले. म्हणूनच 9 ऑक्टोबर हा प्रादेशिक सेना दिन. एका जागी राहून करायच्या संरक्षणाच्या कामांतून नियमित सैन्याला मोकळे करणे, आपत्तीत किंवा अत्यावश्यक सेवा ठप्प होण्याच्या प्रसंगी मुलकी प्रशासनाला मदत करणे आणि गरज पडल्यास थेट लढाईसाठी तुकड्या पुरवणे ही तिची कामे. 1962, 1965 आणि 1971 या तिन्ही युद्धांत तिच्या तुकड्या होत्या. काश्मीर आणि ईशान्य भारतात तर तिच्या पलटणींनी वर्षानुवर्षे काम केले आहे.

महाराष्ट्राला हे दल परके नाही. पुण्यातील 101 आणि कोल्हापुरातील 109 या बटालियन मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेल्या आहेत, तर देवळालीची 116 बटालियन पॅराशूट रेजिमेंटशी. छत्रपती संभाजीनगर येथील 136 पर्यावरण बटालियन महार रेजिमेंटची. माजी सैनिकांच्या बळावर उभी असलेली ही पलटण मराठवाड्याच्या उजाड माळरानांवर झाडे लावते आणि जगवते. या वाटेची सुरुवात 1982 मध्ये डेहराडूनला झाली. चुनखडीच्या खाणींनी पोखरलेल्या मसुरीच्या डोंगरांवर तिथल्या 127 बटालियनने पुन्हा हिरवळ आणली. याखेरीज रेल्वे आणि तेल कंपन्यांच्या खात्यांतर्गत तुकड्या असतात. त्यांत त्या त्या खात्याच्या कर्मचाऱ्यांनाच प्रवेश मिळतो. सामान्य नागरिकासाठी खुली असते ती मुख्यतः पायदळाची बाजू.

नागरी उमेदवारासाठी अटी मोजक्या आहेत. तो भारताचा नागरिक, पदवीधर आणि 18 ते 42 वर्षे वयाचा असावा, शरीराने तंदुरुस्त असावा. नियमित सैन्यात थेट अधिकारी होण्याची दारे बहुतेकांसाठी पंचविशीच्या आसपास बंद होतात. त्यामुळे तरुणपणी संधी हुकलेल्या पण ओढ कायम असलेल्या माणसासाठी 42 ही मर्यादा फार मोलाची आहे. सेनादले, पोलीस किंवा निमलष्करी दलांत सध्या नोकरीत असलेल्यांना मात्र अर्ज करता येत नाही.

यापुढची अट सर्वांत महत्त्वाची, आणि नेमका तिच्याबद्दलच सर्वाधिक गैरसमज आहे. उमेदवाराकडे उत्पन्नाचे स्वतःचे साधन असलेच पाहिजे. प्रादेशिक सेना पूर्णवेळ नोकरीची हमी देत नाही. प्रशिक्षण किंवा प्रत्यक्ष सेवा चालू असते त्या काळात नियमित अधिकाऱ्याइतकाच पगार आणि भत्ते मिळतात. तो काळ संपला की पगारही थांबतो. निवृत्तिवेतनाला पात्र ठरण्यासाठी प्रत्यक्ष सेवेची एकूण 20 वर्षे भरावी लागतात, आणि अनेकांची ती भरत नाहीत. बेरोजगारीवरचा उपाय म्हणून जो इकडे वळेल, त्याची निराशाच होईल. घर चालवणारे काम आधीच हाताशी आहे आणि त्यातला वेळ देशासाठी काढायची तयारी आहे, अशा माणसासाठी ही सेवा आहे.

निवडीची सुरुवात लेखी परीक्षेने होते. तर्कक्षमता, प्राथमिक गणित, सामान्य ज्ञान आणि इंग्रजी हे विषय असतात, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. पुढे प्रादेशिक सेनेच्या विभागीय मुख्यालयात प्राथमिक मुलाखत होते. नोकरी, घर आणि गणवेश यांचा मेळ उमेदवार कसा घालणार, याचा अंदाज इथेच घेतला जातो.

त्यानंतरची खरी कसोटी म्हणजे सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड, अर्थात एसएसबी. नियमित सैन्याचे अधिकारी ज्या मंडळातून निवडले जातात तेच हे मंडळ, आणि मापही तेच. पाच दिवस उमेदवार मंडळाच्या आवारातच मुक्कामाला असतात. पहिल्याच दिवशी चाळणी लागून बरेच जण परत जातात. मानसशास्त्रीय चाचणीत पडद्यावर एकामागून एक 60 शब्द येतात. प्रत्येक शब्दाला 15 सेकंद. तेवढ्यात मनात येईल ते वाक्य लिहायचे. इतक्या घाईत पाठ केलेले उत्तर टिकत नाही, माणसाचा मूळ स्वभाव कागदावर उतरतो. मैदानावर आठ-दहा जणांच्या गटाला एक फळी, एक लाकडी वासा, एक दोरी आणि वाहून न्यायचे ओझे दिले जाते. अडथळ्यांवर रंग मारलेले असतात. पांढऱ्या भागाला माणूस आणि साहित्य दोन्ही लागलेले चालते, पिवळ्याला फक्त माणूस, आणि लाल भागाला कशाचाच स्पर्श होता कामा नये. मोठ्याने आज्ञा देणारा पुढारी इथे निवडला जातो हा समज चुकीचा आहे. फळी कुठे टेकवावी हे सुचणे, दुसऱ्याला सुचले तर त्याचे ऐकणे आणि मागे राहिलेल्याला हात देणे, या सगळ्याची नोंद परीक्षक अधिकारी ठेवत असतो. चाळिशीतल्या उमेदवाराला त्याच मैदानावर तीन मिनिटांत दहा वैयक्तिक अडथळ्यांना भिडायचे असते. म्हणून सराव बराच आधी सुरू केलेला बरा. एसएसबीने शिफारस केल्यावर वैद्यकीय तपासणी आणि पोलीस पडताळणी होते आणि मग ‘लेफ्टनंट’ म्हणून कमिशन मिळते.

पहिल्या वर्षी सुमारे महिनाभराचे मूलभूत प्रशिक्षण, दरवर्षी साधारण दोन महिन्यांचे शिबिर आणि पहिल्या दोन वर्षांत तीन महिन्यांचे कमिशनोत्तर प्रशिक्षण असा क्रम असतो. लेफ्टनंट कर्नलपर्यंतची बढती सेवाकाल आणि पात्रता यांवर मिळते, त्यावरची पदे निवडीने.

बोलावणे ही कागदावरची तरतूद नाही. मे 2025 मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या दिवसांत केंद्र सरकारने प्रादेशिक सेना नियमावलीतील नियम 33 नुसार प्रत्येक अधिकाऱ्याला आणि जवानाला पाचारण करण्याचा अधिकार लष्करप्रमुखांना दिला. पायदळाच्या 32 पैकी 14 बटालियन वेगवेगळ्या कमांडमध्ये तैनात करण्याची मुभाही त्याच आदेशात होती. अशा वेळी सेवा दोन महिन्यांत संपत नाही. परतल्यावर मूळ जागी, आधीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर रुजू करून घेणे कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. पण कायदा नोकरी राखतो. वकिलाचे तुटलेले पक्षकार किंवा व्यापाऱ्याचे दुसरीकडे वळलेले गिऱ्हाईक तो परत आणून देत नाही. स्वतंत्र व्यवसाय असणाऱ्यांनी हा हिशेब आधीच मांडायला हवा.

महिलांना हा मार्ग बराच काळ जवळपास बंद होता. 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना डावलता येणार नाही असा निर्णय दिला. तरीही 2023 च्या जाहिरातीतील 19 जागांपैकी महिलांसाठी एकच होती. हे प्रमाण वाढायलाच हवे.

महेंद्रसिंह धोनी, कपिल देव ही नावे प्रादेशिक सेनेच्या संदर्भात नेहमी घेतली जातात; त्यांचे लेफ्टनंट कर्नलचे हुद्दे मानद आहेत. सचिन पायलट यांनी मात्र केंद्रात मंत्री असताना 2012 मध्ये रीतसर निवड प्रक्रियेतून कमिशन घेतले. सामान्य उमेदवाराची वाट हीच. जागा थोड्या आणि अर्ज हजारो असतात, त्यामुळे अभ्यास आणि व्यायाम जाहिरातीची वाट न पाहता सुरू करावा. अर्ज भरण्यापूर्वी आपल्या कार्यालयात आणि घरात मोकळेपणाने बोलून घ्यावे, कारण बोलावणे आल्यावर मागे राहिलेले काम त्यांनाच सांभाळायचे असते.