संशोधकाची उमेदवारी आणि समाजाचे देणे

एम.एस्सी. झालेला हुशार विद्यार्थी जीववैद्यकाच्या पीएच.डी.कडे वळतो, तेव्हा त्याचे बरोबरीचे मित्र नोकरीत स्थिरावू लागलेले असतात. पुढील पाच वर्षांतून निष्पन्न काय होणार, या घरच्यांच्या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर नसते. ते असूही शकत नाही.

१९५८ साली जॅक मिलर हे सिडनी विद्यापीठाचे तरुण वैद्यकीय पदवीधर एका अधिछात्रवृत्तीच्या बळावर लंडनला गेले आणि चेस्टर बीटी संशोधन संस्थेत पीएच.डी.साठी दाखल झाले. विषय होता उंदरांना विषाणूमुळे होणारा रक्ताचा कर्करोग. हा रोग छातीतील थायमस ग्रंथीत सुरू होतो, म्हणून मिलर यांनी नवजात पिलांची ती ग्रंथी काढून पाहिली. पिले रोगट होऊन दगावू लागली. त्यांच्यात लिंफोसाइट पेशींचा तुटवडा होता आणि परक्या उंदराची त्वचाही त्यांच्या अंगावर रुजत होती. निरुपयोगी मानली गेलेली ग्रंथी प्रतिकारशक्तीच्या मुळाशी आहे, हा निष्कर्ष १९६१ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे मेलबर्न येथे, ग्रॅहॅम मिचेल या आपल्या विद्यार्थ्यासह, त्यांनी आज टी आणि बी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या पेशींमधील श्रमविभागणी उलगडली. मॅक्स कूपर यांच्यासमवेत लास्कर पुरस्कार मिळाला तो २०१९ साली.

कर्करोगाच्या प्रबंधातून प्रतिकारशास्त्राचा पाया घातला जाईल, हे प्रवेशाच्या वेळी कोणती समिती सांगू शकली असती? ज्या गुंतवणुकीचे फळ अनिश्चित, दूरचे आणि सर्वांच्या वाट्याला येणारे असते, तिच्यात खासगी भांडवल सहसा उतरत नाही. तो भार समाजानेच उचलावा लागतो.

आपल्याकडे ‘नेट’ परीक्षेतून निवडलेल्या कनिष्ठ संशोधकाची मासिक अधिछात्रवृत्ती २०१९ साली ३१,००० रुपये झाली. ती ३७,००० वर गेली जानेवारी २०२३ पासून. मधली चार वर्षे महागाई थांबली नव्हती. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या महागाई भत्त्याचा वर्षातून दोनदा फेरविचार होतो. संशोधक विद्यार्थ्याला मात्र प्रत्येक वाढीसाठी आर्जवे करावी लागतात.

प्रत्येक विद्यार्थी मिलर होणार नाही, हा आक्षेप खरा आहे. परंतु कोणता होईल, हे आधी कळत नाही, हेही तितकेच खरे. अधिछात्रवृत्तीला महागाई निर्देशांकाशी बांधून घेणे हा सरकारचा उपकार ठरणार नाही. पेरणीच्या हंगामात बियाण्यावर काटकसर करणाऱ्याने सुगीची अपेक्षा धरू नये, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे.