जामीन मंजूर, पण जामीनदार कुठून आणायचा?

भारतातल्या तुरुंगांत असलेल्या दर चार माणसांपैकी तिघांवर गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ अखेर देशात ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे तपास किंवा खटला संपण्याची वाट पाहत आत असलेले. सुमारे दोन तृतीयांश कच्चे कैदी एकतर निरक्षर होते किंवा दहावीच्या आत शाळा सुटलेले.

खटला रेंगाळण्याची कारणे रोजचीच आहेत. कधी साक्षीदार येत नाही, कधी पंच सापडत नाही, कधी आरोपीला तुरुंगातून न्यायालयात आणायला पोलीसच उपलब्ध नसतात आणि पुढची तारीख पडते. १९७९ साली बिहारच्या तुरुंगांतले कच्चे कैदी वर्तमानपत्रातल्या बातमीमुळे देशासमोर आले. आरोप सिद्ध झाला असता तर जेवढी शिक्षा भोगावी लागली असती, त्याहून जास्त काळ काहीजण नुसते खटल्याची वाट पाहत आत होते. त्यातून उभ्या राहिलेल्या हुसैनआरा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जलद खटला हा घटनेच्या अनुच्छेद २१ खालचा मूलभूत हक्क ठरवला. हक्क कागदावर आला. तुरुंगांतली गर्दी मात्र हटली नाही.

खरी अडचण जामिनात आहे. जामीन हा नियम आणि तुरुंग हा अपवाद, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच सांगितले. तरीही न्यायाधीशाने जामीन मंजूर केला म्हणजे माणूस घरी गेला असे होत नाही. जामीनदार उभा करावा लागतो. त्याचे ओळखपत्र, शिधापत्रिका, पगाराची पावती किंवा सातबारा लागतो. कधी तहसील कार्यालयातून ऐपतीचा दाखला आणावा लागतो. बांधकामावर काम करणाऱ्या परप्रांतीय मजुराच्या ओळखीत त्या शहरात सातबारा असलेला माणूस असण्याची शक्यता जवळजवळ नसतेच. पैसेवाल्याची सुटका त्याच संध्याकाळी होते, याचा गुन्ह्याच्या गांभीर्याशी काहीएक संबंध नसतो.

१९७८चे मोतीराम प्रकरण याचे ठळक उदाहरण. मध्य प्रदेशातल्या या गवंड्याला खुद्द सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला होता. दंडाधिकाऱ्याने दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला आणि पुढे आलेल्या भावाला नाकारले, कारण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी जिल्ह्याची ही अट मोडीत काढली आणि एक हजाराच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितले. इतक्या स्पष्ट निकालानंतरही स्थानिक जामीनदाराचा आग्रह संपला नाही. ३१ जानेवारी २०२३ला सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा निर्देश द्यावे लागले. आदेशाची प्रत ई-मेलने तुरुंगात पाठवा. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालयाने स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा. त्याच वर्षी गरीब बंद्यांच्या जामिनासाठी चाळीस हजार रुपयांपर्यंत मदत देणारी केंद्राची योजना आली.

१ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ आणखी एक दार उघडते. जास्तीत जास्त शिक्षेचा अर्धा काळ कोठडीत गेला असेल तर जामीन मिळतो. याआधी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्याला एक तृतीयांश काळानंतरच. जुन्या खटल्यांतल्या कैद्यांनाही हा लाभ द्या, असे न्यायालयाने त्याच ऑगस्टमध्ये बजावले. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही तरतूद लागू नाही, हे समजण्यासारखे आहे. पण एकाहून अधिक गुन्हे किंवा खटले प्रलंबित असलेल्यालाही या कलमाखाली सोडता येत नाही. किरकोळ चोरीचे दोन गुन्हे नोंदलेला माणूस त्यामुळे या सवलतीबाहेर राहतो, आणि एकाच घटनेत अनेक कलमे लागली तर काय, हा वाद न्यायालयांपुढे येतच राहतो.