बर्फावर शीड, वाऱ्याहून वेग

सरावली (जि. पालघर) : सरावलीहून पालघरकडे दुचाकीवरून निघालेल्या प्रवाशाला एक अनुभव हमखास येतो. वारा पश्चिमेकडून, समुद्रावरून वाहत असतो. परंतु गाडीने वेग घेतला की तोच वारा समोरून अंगावर येत असल्याचा भास होतो. गोठलेल्या सरोवरांवर शिडाच्या होड्या पळविण्याचा ‘आइस बोटिंग’ हा हिवाळी खेळ नेमक्या याच अनुभवावर उभा आहे.

वारा शिडाला मागून ढकलतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. तसे केवळ ढकलण्यावर भागले असते, तर होडी वाऱ्याहून वेगाने कधीच धावली नसती. प्रत्यक्षात वारा आडवा घेतल्यास फुगलेले शीड विमानाच्या पंखासारखे काम करते आणि होडीला पुढे ओढते. होडी धावू लागली की तिच्या गतीमुळे निर्माण होणारा वारा मूळ वाऱ्यात मिसळतो. शिडाला अधिक जोराचा वारा मिळतो आणि वेग आणखी वाढतो. समुद्रात पाण्याचा अडथळा या वाढीला लवकर लगाम घालतो. बर्फावर मात्र होडी पोलादी पात्यांवर घसरते; घर्षण नगण्य असते. त्यामुळे ती वाऱ्याच्या तिप्पट-चौपट वेग सहज गाठते. वेगाबरोबर वारा अधिकाधिक समोरून येऊ लागतो व शिडाची ओढ संपते, तेथेच तिची मर्यादा येते.

हॉलंडमध्ये गोठलेल्या जलमार्गांवरून मालवाहतुकीसाठी अशा होड्या वापरल्या जात. पुढे अमेरिकेत हडसन नदीवर त्यांच्या शर्यती रंगल्या. 1871 मध्ये ‘आयसिकल’ या होडीने काठावरून धावणाऱ्या रेल्वेगाडीला मागे टाकल्याचे सांगितले जाते. आज सर्वाधिक प्रचलित असलेली ‘डीएन’ ही एकआसनी होडी 1937 मध्ये ‘डेट्रॉइट न्यूज’ या वृत्तपत्राच्या कार्यशाळेत आकारास आली. बारा फूट लांबी, तीन पाती आणि साठ चौरस फुटांचे शीड, एवढाच तिचा पसारा. थांबण्यासाठी नाक वाऱ्याकडे वळवावे लागते.

खेळातील खरा धोका पायाखाली असतो. बर्फ पातळ असल्यास होडीसह खेळाडू गारठलेल्या पाण्यात जातो. म्हणून बर्फाची जाडी मोजल्याखेरीज कोणी शीड उभारत नाही आणि बर्फात रोवून वर येण्यासाठी टोकदार खिळे गळ्यात अडकवलेले असतात. तापमानवाढीमुळे अनेक सरोवरे आता उशिरा गोठतात, लवकर वितळतात. त्यामुळे या खेळाचे मैदानच आक्रसत आहे.

बर्फ नसेल तेथे हेच तत्त्व चाकांवर चालते. डिसेंबर 2022 मध्ये ऑस्ट्रेलियातील गेर्डनर या कोरड्या खाऱ्या सरोवरावर ग्लेन ॲशबी यांनी ‘होरोनुकू’ हे शिडाचे वाहन ताशी 222 किलोमीटर वेगाने पळविले. वारा ताशी सुमारे 40 किलोमीटर होता.

सातपाटी-डहाणूच्या किनाऱ्यावर मासेमारी नौकांना यंत्रे बसली आणि शिडे उतरली. आडव्या वाऱ्याला पुढे जाण्याच्या कामी लावण्याची विद्या मात्र येथील जुन्या तांडेलांनाही ठाऊक होती. फरक केवळ पाण्याचा आणि बर्फाचा.