जिवाणूंमधील गुणसूत्राच्या प्रतिकृतीकरणाचा प्रारंभ

पेशीविभाजनापूर्वी जिवाणूच्या गुणसूत्राची दुसरी प्रत तयार होऊ लागते. ही सुरुवात ज्या घटनेने होते, तिला प्रतिकृतीकरणाचा प्रारंभ म्हणतात. बहुतेक जिवाणूंत एकच वर्तुळाकार गुणसूत्र व त्यावर एकच आरंभस्थान असते. एकदा सुरू झालेले प्रतिकृतीकरण सामान्यतः पूर्णत्वास जाते. म्हणून पेशीच्या नियंत्रणाचा मुख्य भर प्रारंभावरच असतो. प्रारंभ झालाच नाही, तर दोन कन्यापेशींपैकी एकीला गुणसूत्र मिळत नाही. तो गरजेपेक्षा अधिक वेळा झाला, तर प्रत करणारी यंत्रणा पुढच्या यंत्रणेला मागून गाठते, डीएनए तुटतो आणि पेशी मरू शकते.

इतिहास

इ.स. १९६३ मध्ये फ्रान्स्वा जेकब, सिडनी ब्रेनर व फ्रान्स्वा क्यूझां यांनी असे प्रतिपादन केले की, एक प्रारंभक प्रथिन डीएनएवरील ठरावीक स्थानाला जोडले गेले म्हणजे प्रतिकृतीकरण सुरू होते. पुढे ई. कोलाय या जिवाणूत हे स्थान (ओरि-सी) व हे प्रथिन (डीएनए-ए) ओळखले गेले. १९८१ मध्ये आर्थर कॉर्नबर्ग व त्यांचे सहकारी यांनी ही प्रक्रिया पेशीबाहेर, परीक्षानळीत घडवून आणली.

वाढीचा वेग व प्रारंभाची वेळ

ई. कोलायच्या गुणसूत्रात सुमारे ४६ लाख आधारक-जोड्या असतात. प्रतिकृतीकरण आरंभस्थानापासून दोन्ही दिशांनी, प्रत्येकी सेकंदाला सुमारे १,००० जोड्या या वेगाने चालते. म्हणजे संपूर्ण प्रतीस सुमारे ४० मिनिटे लागतात. त्यानंतर विभाजन होईपर्यंत आणखी सुमारे २० मिनिटे जातात. तरीही पोषक माध्यमात हा जिवाणू दर २० मिनिटांनी दुप्पट होतो. या कोड्याचे उत्तर स्टीफन कूपर व चार्ल्स हेल्मस्टेटर यांनी १९६८ मध्ये दिले. आधीची प्रत पूर्ण होण्यापूर्वीच पुढची सुरू होते, म्हणजे पेशी आपल्या नातींच्या गुणसूत्रांची तयारी आधीच करून ठेवते. त्यामुळे वेगाने वाढणाऱ्या पेशीत चार किंवा आठ आरंभस्थाने असू शकतात व ती सर्व जवळजवळ एकाच वेळी कार्यान्वित होतात. त्याच वर्षी विल्यम डोनाकी यांनी दाखवले की, वाढीचा वेग कोणताही असो, प्रारंभाच्या क्षणी प्रत्येक आरंभस्थानामागे पेशीचे वस्तुमान जवळपास सारखेच असते.

प्रारंभाची यंत्रणा

ओरि-सी हा सुमारे २४५ आधारक-जोड्यांचा पट्टा आहे. त्यावरील काही जागांना डीएनए-ए प्रथिन घट्ट चिकटते व पेशीचक्राच्या बहुतेक काळात तेथेच राहते. उरलेल्या जागांची ओढ क्षीण असते. त्या मुख्यतः एटीपी हा ऊर्जावाहक रेणू धारण केलेल्या डीएनए-ए रेणूंनी भरतात. असे रेणू पुरेसे साठले की त्यांची साखळी तयार होते आणि शेजारच्या अ‍ॅडेनिन-थायमिनबहुल भागातील दोन धागे विलग होतात. त्या फटीत डीएनए-सी या प्रथिनाच्या साहाय्याने हेलिकेज हे विकर बसते व धागे पुढे उलगडत नेते. त्यापाठोपाठ प्रायमेज व पॉलिमरेज ही विकरे प्रत करण्यास आरंभ करतात.

पुनःप्रारंभास प्रतिबंध

एका चक्रात प्रत्येक आरंभस्थान एकदाच वापरले जावे, यासाठी ई. कोलायमध्ये अनेक व्यवस्था आहेत.

१. आरंभस्थानाचे झाकले जाणे : नव्या धाग्यावर मेथिल गट लागलेले नसतात. अशा अर्धमेथिलित डीएनएला सेक-ए हे प्रथिन चिकटते व पेशीचक्राच्या सुमारे एकतृतीयांश काळ आरंभस्थान झाकून ठेवते.

२. प्रारंभकाचे निष्क्रियीकरण : प्रतिकृतीकरण सुरू असताना एचडीए हे प्रथिन डीएनए-एला जोडलेल्या एटीपीचे एडीपीत रूपांतर घडवते. प्रत सुरू झाल्याची खूणच पुढील प्रारंभ रोखते.

३. डीएटी-ए हा गुणसूत्राचा भाग : येथे डीएनए-एचे अनेक रेणू बांधले जातात व त्यांच्यावरील एटीपीचेही एडीपीत रूपांतर होते.

पुढील चक्रासाठी डीएआरएस नावाचे दोन पट्टे एडीपी सोडवून प्रारंभकाला पुन्हा एटीपी धारण करू देतात. अन्नटंचाईत मात्र पीपीजीपीपी हा संदेशरेणू वाढतो व नवे प्रारंभ थांबतात.

इतर जिवाणू

डीएनए-ए प्रथिन बहुतेक जिवाणूंत आढळते. त्यावरील नियंत्रण मात्र वेगवेगळे असते. बॅसिलस सबटिलिसमध्ये सेक-ए नसते. तेथे याब-ए व सोज ही प्रथिने डीएनए-एला आवर घालतात. कॉलोबॅक्टर क्रेसेन्टसच्या पोहणाऱ्या पेशीत सीटीआर-ए हे प्रथिन आरंभस्थान अडवून धरते. पटकीच्या (कॉलरा) जिवाणूत दोन गुणसूत्रे असतात. मोठ्या गुणसूत्रावरील एका ठरावीक खुणेची प्रत झाल्यावरच लहान गुणसूत्राचा प्रारंभ होतो. त्यामुळे दोघांचे प्रतिकृतीकरण साधारणपणे एकाच सुमारास संपते.

महत्त्व

प्रारंभक प्रथिनाच्या एटीपी व एडीपी रूपांचे चक्र समजले असले, तरी प्रारंभाचे वस्तुमान नेमके कशामुळे ठरते, याविषयी संशोधकांत एकमत नाही. डीएनए-ए मानवी पेशीत नसते. त्यामुळे मानवी पेशींना अपाय न करता जिवाणूंची वाढ रोखणाऱ्या नव्या प्रतिजैविकांचे संभाव्य लक्ष्य म्हणून त्याचा विचार केला जातो.