टूसॉनची भोजनपरंपरा

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, सोनोराच्या वाळवंटात वसलेल्या टूसॉन शहरास २०१५ साली युनेस्कोने पाककलेचे नगर म्हणून मान्यता दिली, आणि हा मान मिळविणारे ते त्या देशातील पहिले शहर ठरले. परंतु येथील भोजनगृहांत बसणाऱ्या पाहुण्याने हे ध्यानी घ्यावे की, त्याच्या पुढ्यातील ताटाचा इतिहास सांताक्रूझ नदीकाठी चार हजारांहून अधिक वर्षे चालत आलेल्या शेतीइतका प्राचीन आहे, आणि पाण्याच्या दुर्भिक्षानेच त्याला आकार दिला आहे.

तोहोनो ओओधाम हे या भूमीचे मूळ रहिवासी. आपल्याकडील मटकीप्रमाणे मोजक्या सरींवर तग धरणारे तेपारी नावाचे कडधान्य, मेस्कीट वृक्षाच्या गोड शेंगांचे पीठ आणि चोया निवडुंगाच्या कळ्या हा त्यांचा पिढीजात आहार. जूनमध्ये, पर्जन्यकाळाच्या तोंडावर, उंच सग्वारो निवडुंगाची फळे त्याच्याच वाळलेल्या खोडाच्या कामट्या जोडून केलेल्या काठ्यांनी पाडून त्यांचा पाक आटविला जातो, आणि त्या सुगीपासून त्यांचे नवे वर्ष सुरू होते. परका प्रवासी जो मुलूख ओसाड समजतो, त्यातूनच अन्न मिळविणारी ही विद्या मला कोणत्याही दरबारी पाकशास्त्राहून थोर वाटते.

सतराव्या शतकाच्या अखेरीस जेझुइट धर्मोपदेशक किनो यांनी गहू आणला. म्हणूनच येथील तोर्तिया मक्याइतकीच गव्हाचीही असते, आणि ती हातभर रुंद व झिरझिरीत लाटली जाते. १७७५ साली स्पॅनिश अंमलदारांनी ठाणे वसविले, पुढे मेक्सिकोचा अंमल आला, आणि १८५४ साली खरेदीच्या तहनाम्याने हा प्रदेश अमेरिकेकडे गेला. सरहद्द दक्षिणेस सरकली, पण चुली जागच्या हलल्या नाहीत.

मोनिका फ्लिन यांनी १९२२ साली स्थापिलेल्या ‘एल चारो’ या भोजनगृहाच्या छपरावर आजही जाळीदार पिंजऱ्यात लिंबू-लसूण लावलेल्या मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळत असतात. हातगाडीपासून उदयास आलेले, बेकनमध्ये गुंडाळलेल्या सोनोरन हॉटडॉगचे ‘एल ग्वेरो कानेलो’ हे भोजनगृह तर २०१८ साली जेम्स बिअर्ड पुरस्कारास पात्र ठरले.

तथापि भोजनापूर्वी सेंटिनेल टेकडीच्या पायथ्याची मिशन गार्डन ही तटबंद बाग अवश्य पाहावी; तेथे ओओधाम, स्पॅनिश आणि मेक्सिकन वाफ्यांच्या शेजारीच, एकोणिसाव्या शतकात या शहराला भाजीपाला पुरविणाऱ्या चिनी माळ्यांच्या स्मरणार्थ राखलेला वाफाही आहे.