सैनिकी शाळा म्हणजे काय?

सैनिकी शाळेत गेले की लढाईवर पाठवतात, असे माझ्या आजीला वाटे. तसे नसते. तिथे आपल्यासारखेच गणित, विज्ञान, भाषा शिकवतात. शिवाय सकाळी कवायत, संध्याकाळी खेळ असतात. मुले वसतिगृहात राहतात.

देशातली पहिली सैनिकी शाळा सातारा येथे २३ जून १९६१ रोजी सुरू झाली. सातारा आपल्याला लय दूर पडते. पण २०१९ साली चंद्रपूरलाही अशी शाळा निघाली.

सहावीत जायचे तर पाचवीत असतानाच परीक्षा द्यावी लागते. वय १० ते १२ वर्षे पाहिजे. पेपर ३०० गुणांचा असतो. त्यात एकट्या गणिताला १५० गुण! पेपर मराठीतून देता येतो, पण पुढे शिकवणे इंग्रजीतून असते. २०२१ पासून या शाळांत मुलींनाही घेतात.

बारावीला खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा देता येते. तिथे तीन वर्षे शिकून, पुढचे प्रशिक्षण पूर्ण केले की सैन्यात अधिकारी होतात. मे २०२५ मध्ये तिथून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. त्या १७ जणी होत्या.

माय म्हणाली, "आपण रोवणीला जाणारी माणसं, फी कुठून भरू?" गुरुजी म्हणाले, उत्पन्न कमी असेल तर सरकारची शिष्यवृत्ती मिळू शकते. तेव्हा माय बोलली, "मग पोरी, आधी अपूर्णांक पक्के कर."

मी रोज दहा गणिते सोडवते. कोणाला यायचे असेल त्याने मधल्या सुट्टीत यावे.